सतीशचा आवाज येत होता

सतीशच्या मुलीचा, केतकीचा फोन आला तेव्हा मी दुबईत सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या ऑफिसात एका मीटिंगमध्ये होतो. पुण्याचा नंबर दिसला की माझ्या मनात आधी वाईटच येतं आणि मग मी फोन उचलतो, ही सवय जुनी. बाहेर पॅसेजमध्ये येऊन ‘‘बोल गं’’ म्हटलं. पलीकडून तिचा सपाट आवाज, ‘‘काका, बाबा इज गॉन. धिस मॉर्निंग.’’ शारजात वाढलेली ही मुलं वाईट बातमीसुद्धा इंग्रजीतच देतात. त्या भाषेत ती त्यांना जरा लांबची वाटत असावी. सकाळी चहा घेऊन सतीश पेपर वाचत बसला होता, मान खाली गेली, वृंदावहिनींना वाटलं डुलकी लागली. एवढंच. फोन ठेवल्यावर मी परत आत जाऊन बसलो. चांगली वीस मिनिटं बसलो, कुणी विचारलं त्याची उत्तरंही दिली. दुःख नंतर आलं. सगळ्यात आधी मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते आहे, पण तेच खरं आहे. मला वाटलं, आता सांगायचं राहिलं ते राहिलंच.

सतीश मोने माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आम्ही दोघं दुबईत अल बर्शातल्या एकाच कंपनीत होतो, तो इन्स्ट्रुमेंटचा, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांचा इंजिनीअर, मी पाइपलाइनच्या तपासणीवर. शिवाय शारजात अल मजाजला एकाच बिल्डिंगमध्ये, तो नवव्या मजल्यावर आणि आम्ही चौथ्या. ऑफिसात तो मला ‘प्रसाद’ म्हणायचा आणि मी त्याला ‘मोने’. बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शिरलो की तो ‘सतीश’ व्हायचा. उंच, किंचित वाकलेला, चष्म्याची काच शर्टाच्या टोकानं पुसायची सवय, त्यामुळं शर्टाचं ते टोक कायम चुरगळलेलं. वस्तूंशी बोलायचा. ‘‘काय होतंय तुला?’’ असं तो मिक्सरला विचारायचा आणि पाच मिनिटांत मिक्सर चालू व्हायचा. माझी बायको मेधा म्हणायची, डॉक्टरकडे जावं तशी मी इस्त्री घेऊन नवव्या मजल्यावर जाते.

मी मात्र पहिल्यापासून घाबरट. घरातले सगळे पासपोर्ट मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचो आणि व्हिसाच्या तारखा फ्रिजवर चिकटवायचो. म्हणजे २००८ सालच्या अखेरीस जी मंदी सुरू झाली, तिच्याआधीच माझी तयारी पूर्ण होती असं म्हणायला हरकत नाही. आधी बातम्या अमेरिकेच्या होत्या. मग क्रेन थांबायला लागल्या. शेख झायेद रोडवरून जाताना मी थांबलेल्या क्रेन मोजायचो आणि रोज आकडा वाढायचा. ऑफिसात गुरुवार हा शब्द बदनाम झाला, कारण आठवड्याचा शेवटचा दिवस म्हणून नावं गुरुवारी दुपारी कळवायचे. टेबलावरचा फोन वाजायचा, एचआरची बाई अगदी गोड आवाजात ‘‘दोन मिनिटं येता का?’’ म्हणायची, आणि रविवारी ती खुर्ची रिकामी. गुरुवारी मी डबा खात नसे. खाल्लेलं राहत नसे, हे जास्त खरं.

आम्हा दोघांना तेव्हा एका साइटवर नेमलेलं होतं. अल ऐनच्या दिशेला मुख्य रस्ता सोडून पंचवीस-सव्वीस किलोमीटर आत, वाळूत, एक पंपिंग स्टेशन उभं राहत होतं. रस्ता म्हणजे दाबून सपाट केलेली वाळू आणि दर अर्ध्या किलोमीटरला एक खांब. मध्ये मोठा पट्टा असा होता की मोबाइलला एक काडीसुद्धा मिळायची नाही. आधी कंपनीच्या भाड्याच्या जीपगाड्या आम्हाला न्यायच्या आणि त्यांत वायरलेस संच असायचे. जानेवारीत एक ईमेल आला. खर्चकपातीमुळं जीप बंद, सर्वांनी आपापल्या गाडीनं जावं, पेट्रोलचा भत्ता मिळेल. खाली ‘सुरक्षितता सर्वप्रथम’ असं नेहमीचं वाक्य होतं. कुणी काही बोललं नाही. त्या दिवसांत कुणीच कशालाच काही बोलत नसे. बोलणाऱ्याचं नाव लक्षात राहतं, अशी आम्हाला भीती.

सतीशनं मात्र तो ईमेल दोनदा वाचला आणि म्हणाला, ‘‘वायरलेसशिवाय मी त्या रस्त्यानं जाणार नाही. आणि तूही जायचं नाहीस. आपल्याच गाड्यांत सीबी रेडिओ बसवू.’’ सीबी म्हणजे गाडीतल्या गाडीत बोलायचा छोटा संच. वाळूत हौसेनं गाड्या घालणारे लोक तो वापरायचे. पाच-सहा किलोमीटरपर्यंत, मोकळ्यावर थोडं जास्तच, आवाज जातो. मला पहिली धास्ती पोलिसांची. खासगी गाडीवर एवढी लांब अँटेना बघून कुणी अडवलं तर? सतीश म्हणाला, ‘‘आधी कागद, मग तार.’’ आणि खरंच त्यानं आधी विचारपूस केली, फॉर्म भरले, कंपनीचं पत्र मिळवलं, दोन फेऱ्या मारल्या, परवानगी हातात आल्यावरच आम्ही शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातून दोन संच आणले. एक संच चारशे दिरहम. ‘‘पाच हजार रुपये!’’ मी दुकानातच मोठ्यानं म्हणालो. दुकानदार केरळी होता, तो हसला. ‘‘साब, वाळूत अडकल्यावर पाच लाखाचा वाटेल,’’ असं काहीतरी तो हिंदीत म्हणाला, आणि मी पाच लाख भागिले तेरा करायला लागलो.

एका शुक्रवारी सकाळी बिल्डिंगच्या मागच्या वाळूच्या पार्किंगमध्ये आम्ही ते काम केलं. आधी सतीशची गाडी, मग माझी. आम्ही म्हणजे तो. मी पाने देत होतो. बॅटरीपासून थेट दोन वायरी काढल्या, ‘‘फ्यूज बॅटरीच्या टोकाला हवा, संचाच्या नव्हे, नाहीतर वायर मधेच जळेल आणि फ्यूज बघत बसेल,’’ असं तो बोनेटमध्ये डोकं घालून सांगत होता. त्या वायरी इंजिनच्या मागच्या पत्र्यातल्या रबरी बुचातून आत घेतल्या, संच डॅशबोर्डखाली माझ्या गुडघ्याला लागणार नाही असा बसवला, माइकचा हूक उजव्या हाताला. जाड काळी केबल दाराच्या रबरामागून मागं नेली. आणि मग त्यानं मागच्या दाराच्या कडेला, जिथं अँटेनाची पट्टी बसणार होती तिथं, पॉलिश पेपर घेऊन माझ्या पांढऱ्याशुभ्र गाडीचा रंग घासायला सुरुवात केली.

‘‘अरे! अरे, काय करतोयस?’’

‘‘अर्थिंग. पट्टीखाली उघडा पत्राच लागतो. रंग मधे आला तर अँटेना नुसती शोभेची काठी.’’

‘‘दुसरीकडं कुठं नाही का होणार? आतल्या बाजूला?’’

‘‘नखाएवढा तर भाग आहे, प्रसाद. पट्टीखाली झाकला जाणार.’’

मी पाने गोळा करायला लागलो. पण तो करकर आवाज मला दातांत जाणवत होता. आमची गाडी तीन वर्षांची होती आणि मेधाच्या आणि माझ्या मनात तेव्हा रोज एकच विचार असायचा, जायची वेळ आली तर गाडी पटकन विकली गेली पाहिजे. एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये लोक गाड्या तशाच टाकून जातात अशा गोष्टी रोज कानावर यायच्या. आणि हा माणूस विकायच्या गाडीचा रंग खरवडत होता.

पट्टी बसली, अँटेना उभी राहिली. सतीशनं एक छोटा मीटर मधे जोडला. संचातून निघालेली ताकद अँटेनातून बाहेर जाते की उलटी परत येते हे तो मीटर दाखवतो. काटा हलला, सतीशनं अँटेनाची लांबी मिलिमीटरनं कमी केली, पुन्हा बघितलं, पुन्हा कमी केली. अर्धा तास हेच. उन्हं वर आली. ‘‘हबीबी, अब बस,’’ वॉचमनसुद्धा म्हणाला. शेवटी काटा त्याला हवा तिथं थांबला. ‘‘एक लक्षात ठेव,’’ तो म्हणाला, ‘‘अँटेना कधीही काढून परत लावलीस तर मीटर लावल्याशिवाय वापरायची नाही. मला हाक मार. नुसता नट आवळला म्हणजे झालं असं नाही.’’ मग तो आपली गाडी घेऊन खाडीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि डॅशबोर्डखालून त्याचा आवाज आला, ‘‘प्रसाद, ऐकू येतंय का? बोल.’’ इंग्रजीत ‘ओव्हर’ म्हणतात त्या जागी तो ‘बोल’ म्हणायचा. केतकी तेव्हा दहा वर्षांची, ती मागून ओरडली, ‘‘हाय काका!’’ आणि मला त्या काही आठवड्यांत पहिल्यांदा हसू आलं.

जवळजवळ दोन महिने आम्ही तसे गेलो, तो पुढं आणि मी मागं. वाटेत तो बोलत राहायचा. डावीकडं उंट, उजवीकडं खड्डा, आज तुझ्या वहिनींनी थालीपीठ दिलंय. मी घाबरट आहे हे त्याला माहीत होतं आणि माझी भीती हटवायला तो बडबडायचा, हे मला उशिरा कळलं.

मार्चमध्ये एका बुधवारी संध्याकाळी गाडी बघायला एक गिऱ्हाईक येणार होतं. आमच्या विभागातले आणखी चार जण गेले होते आणि मेधानं आग्रहच धरला, ‘‘आत्ता विकू, भाड्याची घेऊ. नंतर कुणी विचारणार नाही.’’ गिऱ्हाईक यायच्या आधी मी अँटेना काढली. पट्टी काढली. खाली तो खरवडलेला पत्रा दिसला, कडेनं गंजाची बारीक रेघ. मी बाजारातून रंगाची बाटली आणलेली होती. ब्रशनं दोन हात दिले. छान जमला. गिऱ्हाईकानं गाडीला चकरा मारल्या, बोनेट उघडलं, खाली वाकून बघितलं आणि ‘‘इन्शाल्ला, फोन करतो’’ म्हणून गेला. तो फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघायचं होतं. साडेपाचला खाली जाऊन मी पट्टी त्या रंगावरच बसवली. नट घट्ट आवळला. सतीशला हाक मारायची हे आठवत नव्हतं असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. आठवत होतं. पण मग गाडी विकायला काढली हे सांगावं लागलं असतं, आणि तो म्हणाला असता, ‘‘रंग कशाला लावलास?’’ आणि पुन्हा ते घासणं... मी म्हटलं, शुक्रवारी बघू.

बिल्डिंगखाली गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. ‘‘ऐकू येतंय? बोल.’’ ‘‘येतंय.’’ एवढ्या जवळ कसाही संच ऐकू येतो.

तो गुरुवार होता. आणि त्या गुरुवारी दुपारी चारला सतीशला अल बर्शाच्या ऑफिसात बोलावलेलं होतं. यावेळी एचआर नव्हतं. मोठ्या साहेबांनी स्वतः बोलावलं होतं. अबू धाबीच्या एका कामावर एक इन्स्ट्रुमेंटचा माणूस ठेवायचा होता आणि नावं दोनच होती. ‘‘चारला म्हणजे चारलाच हं,’’ वहिनींनी त्याला सकाळी लिफ्टपर्यंत येऊन सांगितलं होतं, मी तिथंच उभा होतो. म्हणून आम्ही साइटवरून एक वाजताच निघालो. गेटवरचा पठाण वॉचमन आभाळाकडं बघत म्हणाला, ‘‘साब, तूफान आ रहा है. यल्ला, जल्दी निकलो.’’ पश्चिमेकडं आभाळ गूळ वितळल्यासारखं दिसत होतं.

दहा मिनिटांत वारा आला. वाळू आधी रस्त्यावरून सापासारखी सरपटत होती, मग कमरेएवढी झाली, मग पुढं काहीच उरलं नाही. सतीशच्या गाडीचे मागचे दिवे दोन ठिपके होते, मग एक, मग नाही. ‘‘खांबाला धरून राहा,’’ त्याचा आवाज आला. ‘‘वेग कमी कर, पण थांबू नकोस. बोल.’’ मी माइक उचलून ‘‘हो, येतोय’’ म्हटलं. ‘‘प्रसाद? बोल.’’ मी पुन्हा म्हटलं. ‘‘प्रसाद, ऐकू येतंय का?’’

तेव्हा मला कळलं, त्या रंगामुळं माझा आवाज बाहेर जातच नव्हता. मी ओरडलो. माइकमध्ये ओरडून काही होत नाही हे माहीत असूनही ओरडलो. त्या गडबडीत एक खांब चुकला आणि गाडीचं पुढचं चाक मऊ वाळूत गेलं. घाबरून मी जोरात पेट्रोल दिलं, म्हणजे नेमकं जे करायचं नसतं ते केलं, आणि गाडी पोटापर्यंत बसली. दारावर वाळू मूठभर-मूठभर फेकल्यासारखी आपटत होती. मोबाइलवर एकही काडी नाही. आणि त्या सगळ्यात सतीशचा आवाज स्वच्छ येत होता. अगदी शेजारी बसल्यासारखा. ‘‘प्रसाद, मी हळू केलंय. मागे दिसत नाहीयेस. बोल.’’ ‘‘प्रसाद, डांबरी रस्ता जवळ आलाय. बोल.’’ मग आवाज बारीक होत गेला... तो पुढं जात होता. मला वाटलं, बरोबर आहे, त्याला चारला पोचायचंय. तो डांबरी रस्त्यावरून कुणाला तरी फोन करेल. आणि खरंच सांगतो, मला तेव्हा तो जावा असंही वाटत होतं आणि जाऊ नये असंही वाटत होतं, आणि दुसरं जास्त वाटत होतं.

दोन वाजून गेले. मी ठरवलं, उतरून खांब शोधत चालत जायचं, उंचवट्यावर मोबाइल लागतो. दाराची कडी ओढली, दार वाऱ्यानं हिसकलं गेलं, आत वाळूचा लोट आला. तेवढ्यात डॅशबोर्डखालून पुन्हा, बारीक, ‘‘प्रसाद, मी मागे वळलोय. तुझा आवाज येत नाहीये, पण तुला ऐकू येत असेल असं धरून बोलतोय. गाडी सोडू नकोस. काही झालं तरी गाडीतून उतरायचं नाही. ऐकलंस? उतरायचं नाही.’’ मी दार ओढून घेतलं. दोन्ही हातांनी धरून बसलो.

त्यानंतर तो थांबलाच नाही. बोलत राहिला. खांब मोजत येत होता, सातवा, आठवा. मग म्हणाला, ‘‘आता मी संचाची खरखर पूर्ण उघडलीये. तू बोलू नकोस. नुसतं बटण दाबून धर, दहा मोजून सोड. तुझी ताकद थोडी जरी बाहेर येत असली तरी इथली खरखर तेवढ्यापुरती थांबेल.’’ मी दाबलं. दहा मोजले. सोडलं. काही नाही. ‘‘पुन्हा.’’ पुन्हा दाबलं. असं किती वेळा केलं ते आठवत नाही, अंगठा बधिर झाला होता. अकराव्या की बाराव्या खांबाला तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘थांबली. पुन्हा दाब... थांबली! आहेस तू.’’ त्याच्या आवाजातली ती थरथर मी आधी कधी ऐकली नव्हती. तेव्हा कळलं की इतका वेळ तोही घाबरलेला होता.

मग तो थोडं पुढं, थोडं मागं करत आला, खरखर जिथं जास्त दबते तिकडं. सव्वातीनच्या सुमारास त्या पिवळ्या भिंतीतून त्याच्या गाडीचे दिवे आले. तोंडाला रुमाल बांधून तो उतरला, माझ्या टायरमधली हवा कमी केली, दोर बांधला, तिसऱ्या झटक्याला गाडी निघाली. डांबरी रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर पोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. त्याच्या मोबाइलवर सात मिस्ड कॉल. माझ्यासमोर उभं राहून त्यानं फोन लावला. ‘‘सॉरी सर... यस सर, रेडिओ फेल्युअर. नो सर, इन्स्टॉलेशन माझंच होतं. माय मिस्टेक.’’ मी एक पाऊल पुढं टाकून काही बोलू शकलो असतो. मी चहाचे कप धरून उभा राहिलो.

मग त्यानं पाना काढला, माझ्या अँटेनाचा नट सैल केला, पट्टी उचलून खाली बघितलं. बराच वेळ बघत होता. पट्टी परत बसवली. चष्मा पुसला. ‘‘रंग चांगला जमलाय,’’ म्हणाला आणि माझ्या हातातून चहा घेतला.

पुढच्या गुरुवारी त्याचा फोन वाजला. अबू धाबीचं काम दुसऱ्याला मिळालं. त्या मीटिंगला पोचला असता तर त्याला मिळालं असतं का, हे मी तेव्हाही शोधत होतो आणि आजही शोधतो. साहेबांनी एकदा मला सहज सांगितलं, ‘‘नाव आधीच ठरलं होतं.’’ ते खरं होतं की माझा चेहरा बघून म्हणाले, कोण जाणे. सतीशला एक महिन्याची मुदत होती. केतकीची शाळा अर्ध्यात सुटणार होती. नवव्या मजल्यावरचं सामान एकेक करून खाली जात होतं. आणि त्यातल्याच एका शुक्रवारी तो पॉलिश पेपर आणि मीटर घेऊन खाली आला. माझी पट्टी काढली, माझा तो छान जमलेला रंग घासून टाकला, गंज काढला, सगळं पुन्हा जोडून काटा जागेवर आणला. ‘‘आता तू एकटाच जाणार,’’ म्हणाला. ‘‘नीट असलेलं बरं.’’ त्याच्या स्वतःच्या गाडीतला संच त्यानं आधीच उतरवला होता. उन्हाळ्यापर्यंत, साइट बंद होईपर्यंत, मी एकटा त्या रस्त्यानं जात होतो. संच चालू ठेवायचो. पलीकडं कुणी नव्हतं.

पुण्यात गेल्यावर त्याला मनासारखी नोकरी मिळाली नाही. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्यानं प्रेशर गेज, थर्मामीटर असली मोजमापाची उपकरणं दुरुस्त करायचं काम सुरू केलं. बेकऱ्या, लॉंड्र्या, छोटे कारखाने. केतकी शिकली, नोकरीला लागली. घर चाललं, पण ओढत चाललं हे दिसायचं. मी दर वर्षी सुट्टीत जायचो, खजूर आणि बदाम घेऊन. दर वर्षी विमानात वाक्य तयार करायचो. मागच्या डिसेंबरात तर सुरुवातही केली, ‘‘सतीश, त्या दिवशीचं मला...’’ तो एका गेजची काच पुसत होता. वर न बघता म्हणाला, ‘‘चहा गार होतोय.’’ मला वाटलं, त्याला ऐकायचं नाही. की मीच सुटलो म्हणून तसं समजून घेतलं?

गेल्या आठवड्यात पुण्याला जाऊन आलो. वृंदावहिनी दारातच भेटल्या. खूप वाळल्यात. पुढच्या खोलीत सतीशच्या कामाच्या टेबलापाशी मी बसलो आणि या वेळी चहा यायच्या आतच सगळं सांगितलं. गिऱ्हाईक, रंगाची बाटली, साडेपाचला आवळलेला नट. सांगताना मी त्यांच्याकडं बघत नव्हतो.

‘‘मला माहीत आहे, भावजी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी. आणि कुणाला बोलायचं नाही, असंही. तुमची नोकरी अजून होती ना.’’

मी टेबलावरचा एक स्क्रू उचलून परत ठेवला.

‘‘त्यांनी माफ केलं असेल. मी नाही केलं. कितीतरी वर्षं नाही. तुम्ही यायचात तेव्हा मी चहा ठेवून आत निघून जायचे, तुमच्या कधी लक्षात आलं नाही?’’ त्या पुढं म्हणाल्या, ‘‘नोकरी त्यामुळंच गेली का, ते कुणालाच कळणार नाही. त्यांनाही माहीत नव्हतं. मला राग त्याचा नव्हता. त्यांनी साहेबाला माय मिस्टेक म्हटलं तेव्हा तुम्ही शेजारी उभे होतात, त्याचा होता.’’

आतल्या दारात केतकी उभी होती. कधी आली कळलं नाही. ‘‘सो इट वॉज युअर कार,’’ ती हळू म्हणाली. तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. ती वळून आत गेली. तिच्याशी अजून माझं नीट बोलणं झालेलं नाही.

‘‘त्यांच्यावर पेपरात लिहिणार आहात असं मेधा म्हणत होती,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘मग हे लिहा. देवमाणूस होता वगैरे नको. त्यांना आवडलं नसतं.’’

म्हणून लिहिलं.

आम्ही तसेच बसलो होतो, तेवढ्यात एक माणूस आला. कुठल्याशा लॉंड्रीचा. दोन महिन्यांपूर्वी बॉयलरचा प्रेशर गेज दुरुस्तीला टाकला होता, त्याची चिठ्ठी हातात. ‘‘साहेब नाहीत का?’’ वहिनींनी माझ्याकडं बघितलं. ‘‘गेले,’’ मी म्हणालो. तो माणूस गडबडला, चपला काढून आत आला, हात जोडले. मग संकोचून म्हणाला की सध्या जुन्यावरच चालवतोय, बॉयलरचं काम आहे, भीती वाटते. मी उठून फळीवर शोधलं. सतीशच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी बांधलेला गेज सापडला. काच बसवलेली, स्क्रू आवळलेले, पुसून ठेवलेला. ‘‘तयार दिसतोय,’’ तो म्हणाला आणि हात पुढं केला. ‘‘तपासलेला आहे ना?’’

सतीशनं काम अर्धं ठेवलं नसेल, याची मला खात्री होती. तोंडातून ‘हो’ निघतच होतं.

‘‘जरा थांबा,’’ मी म्हटलं. ‘‘एकदा लावून बघू.’’

टेबलाच्या टोकाला त्याचा हातपंप होता, शेजारी तुलनेचा मोठा गेज. मी जोडणी केली. आटे दोनदा चुकले. वहिनी उठून आत जातील असं वाटलं होतं. त्यांनी स्टूल ओढलं आणि शेजारी बसल्या. मी पंपाचा दांडा दाबायला लागलो. दोन्ही काटे बरोबरीनं वर चढत गेले आणि एकाच आकड्यावर थांबले. दाब सोडला, पुन्हा भरला. पुन्हा तोच आकडा.

‘‘आता द्या,’’ वहिनी म्हणाल्या.